साडूभाऊंचा अंगठा

जालना एमआयडीसीत वितळणाऱ्या सगळ्या लोखंडापेक्षा माझ्या साडूभाऊंची स्वतःच्या अंगठ्यावरची श्रद्धा पक्की. बोट लावून उघडणारा फोन घेतला, त्या दिवशी ते मुद्दाम अंबडला आमच्याकडे आले आणि अंगठा माझ्या नाकापुढं नाचवत म्हणाले, "साडू, असं कुलूप सरकारी तिजोरीला बी न्हाई." आता गंमत अशी, की मिलमध्ये सळयांचे भारे बांधून बांधून त्या अंगठ्यावरच्या रेषा केव्हाच झिजल्या होत्या. ज्या अंगठ्याचा एवढा अभिमान, त्याला फोन ओळखही देत नसे. मग नाइलाजानं आकडा दाबायचा. तो आकडा काय? चार वेळा एक! लक्षात ठेवायला सोपा म्हणे. चोरालाही सोपाच की, पण हे बोलायची सोय नव्हती.

बरं, निदान गुपित तरी ठेवावं? छे! गेटबाहेरच्या टपरीवर फोन चार्जिंगला लावायचा आणि पाळीवर जाता जाता आरोळी ठोकायची, "कुणाला फोन लावायचा असल तं लावा रे, चार येक दाबा." टपरीवाला, वॉचमन, टेम्पोवाले, सगळ्यांना तो आकडा तोंडपाठ. मी गणिताचा मास्तर. इतकं चोख पाठांतर माझ्या एकाही विद्यार्थ्याचं नाही. त्यांना हज्जारदा समजावलं, की अंगठा हे पुढचं दार, आकडा हे मागचं, आणि मागच्या दाराला तुम्ही सुतळी बांधून राह्यले. त्यावर एकच उत्तर, "माझ्या फोनात कोनता खजिना हाय?"

खजिना होता. त्यांचा फोन प्रत्येक बोलणं आपोआप साठवून ठेवायचा. माझी मेव्हणी, त्यांची बायको, गेल्या वर्षी वारली. मेथी आणा, जून आणू नका, कुठं राह्यले, जेवले का, हे सगळं तिच्या आवाजात त्यात होतं. दुपारचा डबा खाऊन झाला की साडूभाऊ टपरीमागं जाऊन त्यातलं एक ऐकायचे. आम्हाला कुणालाच हे माहीत नव्हतं.

मागच्या महिन्यात एका टेम्पोवाल्याला त्या फोनवर सिनेमा उतरवायचा होता. जागा नव्हती. त्यानं चार एक दाबले, जुना कचरा समजून सगळी बोलणी पुसून टाकली आणि वर मोठ्या मनानं सांगितलं, "काका, तुमचा फोन हल्का करून देला."

टपरीवाल्यानं फोन करून हे सगळं सांगितलं, तसा मी ताडताड जालन्याला गेलो. काय काय सुनावायचं ते वाटेत ठरवलं होतं. साडूभाऊ टपरीच्या बाकावर बसले होते. म्हणाले, "चार येक मीच सांगितल्ते की सगळ्याह्यला." मला फार वाईट वाटलं. ठरवलेलं सगळं गिळलं आणि माझा फोन काढला. मेव्हणीनं कधीतरी पाठवलेला एक निरोप त्यात होता: "पाव्हणे, आमच्या ह्यांना सांगा, फोन उचलत जा म्हनावं." त्यांनी तो तीनदा ऐकला. मी तो त्यांच्या फोनवर पाठवून दिला.

निघताना त्यांनी माझा हात धरला. "तुमच्यातला बी पुसू नका, साडू. तुमच्या फोनचं कुलूप चांगलं हाय ना?"

"बिलकुल पक्कं," मी म्हणालो.

आणि अंबडच्या गाडीत बसल्या बसल्या आधी माझा एक-दोन-तीन-चार बदलला.