आईच्या घटस्फोटाची नक्कल

आईने मला लग्नाचं सांगितलं ते भेंडी चिरताना. शारजात अल मजाजच्या आमच्या फ्लॅटमध्ये ओट्यापाशी जेमतेम दोघी उभ्या राहतील एवढीच जागा आहे. मी शेजारी उभी राहून कणीक मळत होते. ती म्हणाली, "खोर फक्कानच्या काकांनी विचारलंय. मी हो म्हणणार आहे." आणि चिरलेली भेंडी तिने कढईत टाकली.

काका मला माहीत होते. मूळचे गुहागरकडचे, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, खोर फक्कानच्या बंदरात कंटेनरच्या यार्डात नोकरी. हात भाजला म्हणून शारजाच्या एका क्लिनिकमध्ये ड्रेसिंगला आले. तिथे आई नर्स आहे. जखम भरली तरी ते येत राहिले, आधी ओल्या काजूची पिशवी घेऊन, मग नुसतेच. आई तेव्हा पंचावन्न ओलांडलेली. इतकी वर्षं तिने मला एकटीने वाढवलं, मराठी लिहायला शिकवलं, मी इंग्रजीत उत्तर दिलं की प्रश्न पुन्हा मराठीत विचारला. ती लग्न करते आहे याचा मला आनंदच झाला, आणि थोडी भीतीही वाटली.

अबू धाबीला नागरी पद्धतीने लग्न करायचं ठरलं. खालच्या टायपिंग सेंटरमधला मल्याळी माणूस आमचे सगळे अर्ज भरून देतो. त्याने आईचा पासपोर्ट पाहिला आणि हिंदीत विचारलं, आधीचं लग्न कसं संपलं? घटस्फोट झाला असेल तर कोर्टाचा हुकूमनामा लागेल, तोही भारतातून अटेस्ट केलेला, आणि त्याचं अरबी भाषांतर. आईने मान हलवली. बाहेर आल्यावर म्हणाली की तो कागद तिने मामाकडे ठेवला होता, आणि मामाच्या माळ्यावरच्या पेटीला वाळवी लागून सगळं गेलं होतं. मामाने तेव्हाच कळवलं होतं. तिला वाटलं होतं, तो कागद आता कोणाला लागणार.

मग आम्ही शोधाला लागलो. कोर्टाच्या वेबसाइटवर मी आईचं माहेरचं नाव घातलं, सासरचं घातलं, वेगवेगळी वर्षं घालून पाहिली. इतकी जुनी प्रकरणं तिथे चढलेलीच नव्हती. आईला दावा क्रमांक आठवत नव्हता आणि वर्षाची खात्री नव्हती. तिला आठवत होतं ते असं, की तालुक्याच्या कोर्टासमोर रसवंती होती, आणि निकालानंतर तिने मला तिथे रस पाजला. मी तेव्हा पहिलीत होते की दुसरीत, यावर आमचा बराच वेळ गेला.

मामाने गावाकडच्या एका वकिलांना विचारलं. ते म्हणाले, नक्कल मिळते. पण नंबर नसेल तर शोधाचा अर्ज करावा लागतो, त्यात दोघांची नावं आणि वर्ष द्यायचं, आणि वर्ष चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. बाई परदेशात आहेत, तर मुखत्यारपत्र करून पाठवा. म्हणजे इथल्या वकिलातीत वेळ घ्यायची, आईने सुट्टी टाकायची, कागद तिकडे जायचे आणि मग वाट बघायची. काका म्हणाले, थांबू की, काय घाई आहे. आई म्हणाली, थांबायला माझी हरकत नाही, पण सोपा रस्ता असताना लांबचा कशाला.

सोपा रस्ता म्हणजे माझे वडील.

मी त्यांना फारशी ओळखत नव्हते. ते वीज मंडळात लाइनमन होते, आता निवृत्त. त्यांनी दुसरं लग्न केलं होतं. आई माझ्या लहानपणी मला घेऊन इकडे आली, त्यानंतर त्यांची माझी भेट दोन-तीन लग्नकार्यांत झाली असेल. तिथे ते मला "जेवलीस का?" एवढंच विचारायचे. आईने त्यांच्याबद्दल वाईट शब्द काढलेला मला आठवत नाही. मी मोठी झाल्यावर एकदा तिला खोदून विचारलं होतं, तेव्हा ती म्हणाली होती की तिला इकडची नोकरी घ्यायची होती आणि त्यांना गाव सोडायचं नव्हतं. दोघांनाही आपलं म्हणणं बदलता आलं नाही. एवढंच.

आत्याशी, म्हणजे वडिलांच्या बहिणीशी, आईने दिवाळीच्या शुभेच्छांपुरता संबंध टिकवला होता. तिच्याकडून नंबर मिळाला. ड्युटीवरून आल्यावर आईने हातपाय धुतले, चहा घेतला आणि मला जवळ बसायला सांगितलं. मी तिला म्हटलं, "कारण विचारलं तर व्हिसाचं काम आहे म्हणून सांग." तिने फोन स्पीकरवर ठेवला.

पलीकडून हॅलो आलं तेव्हा आईने आपलं नावही सांगितलं नाही. "मी बोलतेय, शारजाहून," म्हणाली. त्यांनी लगेच ओळखलं. तब्येतीची विचारपूस झाली, त्यांच्या गुडघ्यांचं झालं. मग आई म्हणाली, "मला आपल्या घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची नक्कल हवी आहे. माझी वाळवीने खाल्ली. दावा नंबर तुमच्याकडे असेल तर द्या."

"कशाला लागतेय?"

मी आईकडे पाहिलं. ती फोनकडे बघत होती.

"लग्न करतेय मी."

पलीकडे कोणीतरी कुकर बंद केल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "माणूस बरा आहे ना?"

"चांगला आहे."

"बघतो मग," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

आई उठून कपडे वाळत घालायला गेली. व्हिसाचं खोटं किती सहज खपलं असतं. पण जो माणूस कधीकाळी तिला अडवून बसला होता, त्याच्याकडेच तिने मदत मागितली, आणि तीही खरं कारण सांगून. आईचं धैर्य मी तोवर तिच्या नोकरीत पाहिलं होतं, परक्या देशात एकटीने घर चालवण्यात पाहिलं होतं. हे त्याहून वेगळं होतं, आणि मला ते जास्त अवघड वाटलं.

काही दिवस तिकडून फोन आला नाही. मी मुखत्यारपत्राचा मसुदा तयार करायला घेतला. मग एका दुपारी आत्याचा फोन आला आणि काय झालं ते कळलं. वडिलांनी स्वतःची प्रत दुसऱ्या लग्नाच्या वेळी कुठेतरी दिली होती, ती परत आलीच नव्हती. म्हणून ते स्वतः तालुक्याच्या कोर्टात गेले. तिथे सांगितलं, जुनी प्रकरणं जिल्ह्याच्या रेकॉर्ड रूमला गेली. ते एसटीने जिल्ह्याला गेले. आईला जे वर्ष वाटत होतं, ते त्यांनी अर्जात घातलं नाही. निकाल लागला ती तारीख त्यांच्या बढतीच्या ऑर्डरच्या आसपासची होती, हे त्यांना पक्कं आठवत होतं, आणि ते पुढचं वर्ष होतं. प्रकरण सापडलं. ते स्वतः त्यातले पक्षकार, त्यामुळे नक्कल मागायला त्यांना मुखत्यारपत्र, प्रतिज्ञापत्र असं काही लागलं नाही. अर्ज दिला, सांगितलेल्या दिवशी पुन्हा एसटीने गेले, नक्कल तयार नव्हती, आणखी एकदा गेले. कोर्टाचा जिना चढताना गुडघे धरून बसले होते, असं आत्या म्हणाली. त्यांच्या बायकोने बरोबर जेवणाचा डबा दिला होता.

ती नक्कल त्यांनी मामाच्या हातात नेऊन दिली. पुढचं अटेस्टेशनचं मुंबई-दिल्लीचं काम मामाने केलं आणि पाकीट शारजाला आलं. आईने चष्मा लावून ते टेबलाशी बसून वाचलं. मी तिच्या खांद्यावरून बघत होते. वर दोघांची नावं एकाखाली एक होती, अर्जदार क्रमांक एक, अर्जदार क्रमांक दोन. परस्परसंमतीचा घटस्फोट असला की अर्ज दोघांचा मिळून असतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

"म्हणजे तुम्ही कोर्टात भांडला नव्हता?" मी विचारलं.

"भांडण घरी झालं," आई म्हणाली. "कोर्टात आम्ही एकाच रिक्षाने गेलो. तू मांडीवर होतीस. परत येताना ते दुसऱ्या बाजूने गेले."

टायपिंग सेंटरच्या मल्याळी माणसाने कागद उलटसुलट करून सगळे शिक्के पाहिले. "खलास, मॅडम, अब सब ठीक," म्हणाला आणि भाषांतराला पाठवून दिला.

लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही अबू धाबीला मोहम्मद बिन झायद सिटीत आईच्या जुन्या सहकारी बाईंकडे उतरलो. त्यांनी पुरणपोळ्या केल्या होत्या. सकाळी आई मोतिया रंगाची साडी नेसली, काकांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि ते पुन्हा पुन्हा बाही नीट करत होते. कोर्टातल्या अधिकारी बाईंनी कागद चाळले, हुकूमनाम्याचं अरबी भाषांतर जरा वेळ वाचलं, आणि आईला इंग्रजीत विचारलं की हे तुम्ही तुमच्या इच्छेने करता आहात ना. आई म्हणाली, येस. मग बहुधा तेवढ्याने भागलं असं तिला वाटलं नाही, म्हणून पुन्हा मराठीत म्हणाली, "हो, माझ्या इच्छेने." बाई हसल्या. सह्या झाल्या.

बाहेर पार्किंगमध्ये ऊन तापलं होतं. काका गाडीचा एसी लावायला पुढे गेले. आई सावलीला थांबली आणि तिने वडिलांना फोन लावला.

"झालं," ती म्हणाली. "तुमच्यामुळे वेळेत झालं."

ते काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. आई ऐकत राहिली, मग म्हणाली, "गुडघ्यांचं दाखवून घ्या. नुसतं तेल चोळून चालणार नाही. एक्स-रे काढा आणि मला पाठवा, मी इथल्या डॉक्टरांना विचारते." पलीकडून काही कुरकुर झाली असावी. "नाही, तसं नाही चालणार," ती तिच्या क्लिनिकच्या आवाजात म्हणाली. मग तिने फोन माझ्याकडे दिला. "तुझ्याशी बोलायचंय म्हणतात."

मी फोन कानाला लावला. वडील म्हणाले, "तू होतीस ना बरोबर?"

"होते," मी म्हटलं.

"बरं केलंस," ते म्हणाले. "तिचं माणूस म्हणून कोणीतरी पाहिजेच होतं तिथे."

पुढच्या आठवड्यात त्यांनी एक्स-रे कुरिअरने पाठवला. आईने तो खोर फक्कानला काकांच्या घरी खिडकीत उजेडाला धरून पाहिला, काकांनाही दाखवला, आणि दोघांनी मिळून डॉक्टरांना विचारायचे प्रश्न ठरवले.