टॉनिकच्या बाटलीतला समुद्र

आमच्या घरात समुद्र पाहायची इच्छा पहिल्यांदा आत्याने बोलून दाखवली. बाबा तहसिलीत कारकून होते, आई घर पाहायची, आणि सौंसरच्या वेशीबाहेर घराला लागून असलेली आमची संत्र्याची बाग आत्या सांभाळायची. ती बाबांची मोठी बहीण, ते तिला बाई म्हणायचे. लग्नानंतर दोनच वर्षांत नवरा गेला आणि ती माहेरी आली ती कायमची. बाग बाबांच्या नावावर होती, पण झाडं फक्त बाईलाच ओळखतात, असं बाबाच म्हणायचे.

बागेला पाणी देणं म्हणजे ओलित. मोटर सुरू झाली की विहिरीचं पाणी दांडातून, म्हणजे मातीच्या पाटातून, धावायचं आणि आत्या अनवाणी, लुगडं वर खोचून, फावड्याने ते एकेका झाडाच्या आळ्याकडे वळवायची. एक आळं भरलं की मातीने तोंड बुजवायचं, पुढचं फोडायचं. तीस वर्षं तिने हेच केलं. पाण्याची तिला अशी पारख होती की लग्नाच्या पंगतीत पेल्यातला एक घोट घेऊन ती सांगायची, हे पाणी कोणाच्या विहिरीचं. लोक मुद्दाम तिची परीक्षा घ्यायचे आणि तोंडघशी पडायचे.

बोरगावची काही मंडळी एकदा पुरीला जाऊन आली. त्यांनी आत्याला सांगितलं की तिथं पाणी आपणहून पायापर्यंत येतं आणि आपणहून परत जातं. तेव्हापासून ती गोष्ट तिच्या डोक्यातून जाईना. देवदर्शनाचं तिला फारसं वेड नव्हतं, पण हे पाण्याचं काम होतं. मी आठवीत, म्हणजे घरातली विद्वान. तिने मलाच विचारलं.

"कोनी दांड न फोडता पानी पायापाशी येते म्हनते. असं कसं होईन वो?"

मी तिला चंद्राच्या ओढीचं सांगितलं. तिला ते त्याहून खोटं वाटलं.

त्याच वर्षी, ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी, पांढुर्ण्याच्या मामाने जुनी मेटाडोर घेतली. मामा संत्र्यांचा व्यापारी. हंगाम संपला की गाडी रिकामी उभी राहायची. परीक्षा आटोपल्या की मागे गाद्या टाकून सगळ्यांनी पुरीला जायचं, असं त्याने ठरवलं. मामा, मामी, त्यांची मुलगी, बाबा, आई, मी आणि आत्या. जायचे दोन दिवस, यायचे दोन दिवस, मध्ये चार दिवस समुद्र. आत्याने त्याच संध्याकाळी ट्रंकेतून एक कोरं लुगडं काढून उन्हात टाकलं. जायला अजून तीन आठवडे होते.

आता माझ्या मामेबहिणीचं सांगायला हवं. ती माझ्याच वयाची, पण नागपूरला इंग्रजी शाळेत शिकायची, मावशीकडे राहून. तिचे केस कापलेले होते. ती 'करून राहिली' म्हणायची नाही, 'करतेय' म्हणायची. तिच्यासमोर मी दिवसभर 'करतेय, जातेय, खातेय' करायचे आणि रात्री झोपेत बहुधा पुन्हा माणसात यायचे. मला तिच्यासारखं व्हायचं होतं. आणि तिला आत्या आवडत नव्हती. आत्या दिवसातून तीनदा गुडाखू, म्हणजे गुळातली तंबाखू, दातांना घासायची आणि अंगणात पिचकारी टाकायची. गाडीत बसली की दहाव्या मिनिटाला तिला ओकारी यायची. दिवाळीत पांढुर्ण्याच्या बसमध्ये ती खिडकीतून ओकली तेव्हा मागच्या खिडकीशी माझी मामेबहीण बसली होती. त्यानंतर ती आत्याच्या हातचं पाणीसुद्धा प्यायली नाही. पुरीचं ठरल्यावर तिने मला बाजूला घेऊन एवढंच विचारलं की दोन दिवस आपण दोघी आत्यांच्या शेजारी बसायचं का.

मी तिला म्हटलं, नाही, ती येणार नाहीये. हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं मला माहीत नाही. पण एकदा निघाल्यावर ते खरं करणं माझ्याकडे आलं.

चैत्र तोंडावर आला होता. आंबिया बहाराची फळं तेव्हा वाटाण्याएवढी असतात आणि त्या दिवसांत पाणी चुकलं तर झाडाखाली हिरवा सडा पडतो. आत्याला कशाने थांबवता येईल हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण ते वापरायचं कोणाच्या मनात आलं नसतं. ते माझ्या मनात आलं. दुसऱ्या दिवशी मी तिचा चहा घेऊन बागेत गेले. तिने आळं बुजवलं, चहा घेतला, आणि मी मान खाली घालून, मोठ्या माणसांचं ऐकलेलं नाइलाजाने सांगावं तसं सांगितलं.

"बाबा आईले म्हनून राहिले होते, गड्याच्या भरोशावर बहार सोडनं जिवावर येते. पन बाईले कसं म्हनाव."

बाबा असं काहीही म्हणाले नव्हते.

आत्याने चहा संपवला. कप दांडाच्या पाण्यात विसळून माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "बराबर हाय त्याचं." आणि पुढचं आळं फोडायला गेली. मला वाटलं होतं ती चिडेल, बाबांना जाब विचारेल, मग मी पकडली जाईन. पकडली गेले असते तर बरं झालं असतं. पण तिचा स्वभाव मला पुरता ठाऊक होता. लहान भावाला अवघड वाटेल असं ती मरेपर्यंत विचारणार नव्हती. माझी सगळी हुशारी तिच्या चांगुलपणावर उभी होती, हे मला तेव्हाही कळत होतं. वय लहान होतं असं म्हणून मी सुटू शकत नाही.

जेवताना तिने जाहीर केलं की गुडघे दुखतात, मी येत नाही. बाबांनी दोन दिवस मिनतवाऱ्या केल्या. आई म्हणाली, मागे झोपून या. ती हलली नाही. कोरं लुगडं परत ट्रंकेत गेलं.

निघायच्या आदल्या दिवशी तिने मला हाक मारली. टॉनिकची एक रिकामी बाटली तिने राखेने घासून, तीन दिवस उन्हात वाळवून ठेवली होती. झाकणावर फडक्याची चिंधी बांधली होती.

"जास्त नोको. इतकंच आनजो. हातावर घेऊन पाह्यतो मी."

मी हो म्हटलं. त्या वेळी मला खरंच आणायचं होतं. एवढ्याने फिटेल असा माझा हिशेब असावा.

पहाटे मेटाडोर निघाली. आत्या फाटकापर्यंत आली आणि वाटेत खायला लिंबाच्या फोडी मीठ लावून माझ्याकडे दिल्या, ओकारीवर. आम्हां कोणालाच ओकारी येत नव्हती. नागपूर, भंडारा, रायपूर. गाद्यांखाली राहिलेल्या तणसाचा, म्हणजे पेंढ्याचा, आणि संत्र्यांचा वास येत होता, मामा गाडी चालवता चालवता गात होता आणि मी खूश होते. हे लिहायला हवं. टोचणी वगैरे काही नव्हती. आम्ही दोघी मागच्या काचेशी पालथ्या पडून मागे पळणारा रस्ता पाहत होतो आणि मला वाटत होतं, आत्या असती तर ही जागा तिची असती.

तिसऱ्या दिवशी सकाळी समुद्र दिसला. ऊन असं होतं की सगळं पाणी डोळ्यांत जात होतं. आई गुडघ्यापर्यंत भिजून लहान मुलीसारखी हसत होती, बाबांनी पँट दुमडली होती. मी वाळूत उभी राहिले आणि पाणी आलं. कोणी न वळवता, सरळ माझ्या पायापर्यंत आलं, टाचांखालची वाळू घेऊन परत गेलं. तेव्हा मात्र मला आत्या आठवली. तिने विचारलं होतं ते अगदी असंच होतं आणि ते पाहायला तिथं मी उभी होते.

मी धावत लॉजवर जाऊन बाटली घेऊन आले. मामेबहिणीने पाहिली आणि हसून विचारलं, समुद्रावर औषध घेणार आहेस का? मी बाटली टॉवेलात गुंडाळली. म्हटलं, अशीच आणली. उद्या भरू, ती झोपलेली असताना. उद्याचं परवा झालं. शेवटच्या सकाळी मामाने घाई केली. संबळपूर गेल्यावर माझ्या पिशवीत काहीतरी किणकिणलं. गोळा केलेल्या शिंपल्यांवर रिकामी बाटली आपटत होती.

गाडी थांबवा म्हणण्यात काही अर्थ नव्हता, पण खरं सांगण्यात होता. ते मी केलं नाही.

दुपारी घरी पोचलो तेव्हा आत्या बागेत होती. बाबा आंघोळीला गेले, आई सामान काढत होती. मी अंगणातल्या रांजणातून बाटली भरली, स्वयंपाकघरातून चमचाभर मीठ आणून घातलं, अंगठा लावून हलवली. चाखून पाहिलं. अजून थोडं घातलं. चिंधी होती तशी बांधली. रांजणात आमच्याच विहिरीचं पाणी असायचं, पण त्या क्षणी मला फक्त खारटपणाची काळजी होती.

आत्या आली. हातपाय धुऊन, पदराला हात पुसून तिने बाटली दोन्ही हातांनी घेतली आणि डोळ्यांना लावली. मग थोडं पाणी तळहातावर घेतलं, उन्हाकडे धरून पाहिलं, आणि चाखलं. तिने डोळे मिटले होते. मी भिंतीला टेकून उभी होते.

मग ती म्हणाली, "इतकं पानी अन् ओलिताच्या कामाचं नाही."

सगळे हसले. मीही हसले, जरा जास्तच. बाबांनी मग तिला लाटांचं सगळं सांगितलं, ती हां हां करत ऐकत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गडी आला. मी चुलीपाशी होते, आत्या दारात बसून गुडाखू घासत होती आणि बाबा अंगणात. बाबांनी विचारलं, ओलिताला काही अडचण तर आली नाही ना. गडी म्हणाला की त्याने काही केलंच नाही, बाईंनी हात लावू दिला नाही.

"तुमी निघाले त्याच दिवशी मी आलो होतो, बाबूजी. मी बाईले म्हटलं, तुमी काहून नाही गेल्या? बाबूजी तं पुरीचं ठरलं तवाच मले सांगून राहिले होते, फळ गळलं तं गळलं, पन यंदा बाईले समुंदर दाखवतो. बाईंनी मोटर सुरू केली. फावडं घेतलं अन् गेल्या."

बाबा आत्याकडे वळले. "मंग काहून नाही आली तू?"

माझ्या हातातली चिमट्यात धरलेली पोळी जळत होती. आत्याने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, दार उघडं आहे की लावलेलं एवढं पाहायला लागतो तितका वेळ. मग तिने पिचकारी टाकली, चूळ भरली आणि बाबांना म्हणाली, "गुडघे."

म्हणजे आमची गाडी नागपूरच्या पुढे गेली नसेल तेव्हाच तिला माझं खोटं कळलं होतं. आठ दिवस ते घेऊन ती एकटी आळी फोडत होती. आणि तरीही काल तिने माझ्या हातून बाटली घेतली होती. मला तिथं चुलीत जावंसं वाटलं. मी वाट पाहत राहिले, आज बोलेल, उद्या बोलेल. ती बोलली नाही. तिच्या वागण्यात काही बदल झाला असता तर मी रडून पाय तरी धरले असते. बाटली तिने भिंतीतल्या देवळीत ठेवली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना सांगायची, आमच्या पोरीने समुंदर आणला.

मी नोकरीला लागले, लग्न झालं, नवऱ्याने मोटार घेतली. पहिली गोष्ट केली ती ही की सौंसरला जाऊन आत्याला म्हटलं, चल. पुढच्या सीटवर बस, हवी तितक्यांदा गाडी थांबवू, गुडाखू घे, काही कर, पण चल. तिथंच सगळं सांगून टाकायचं असं मी ठरवून आले होते. ती खाटेवर बसून संत्रं सोलत होती. साल काढून, धागे काढून, एकेक फोड माझ्या हातावर ठेवत होती.

"आता कायले वो माय," ती म्हणाली. "तू आनला होता ना. मी पाह्यला. आपल्या इहिरीच्या पान्यावानीच लागला मले."

ती हसत नव्हती आणि रागावलेलीही नव्हती. तिने पुढची फोड दिली. मी ती खाल्ली, आणि जे सांगायला आले होते ते सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं तिने काही उरू दिलं नव्हतं.

त्यानंतर दोन वर्षांनी ती गेली. समुद्र तिने पाहिला नाही.