शिंदीच्या केरसुण्या

लग्न होऊन कोरीटहून नंदुरबारला आले, तेव्हा मला सगळ्यात जास्त राग यायचा तो विकत घेण्याचा. गावी मीठ आणि काडेपेटी सोडली तर आमच्या घरात दुकानातलं फारसं काही येत नसे. इथे दंतमंजन विकतचं, साबण विकतचा, कोपऱ्यातली केरसुणीसुद्धा विकतची. नवरा शाळेत मास्तर, अंगावर खादी, पण भिंतीत खिळा ठोकायचा तर सुताराला निरोप जायचा. तुमचं स्वावलंबन भाषणापुरतंच, असं मी एकदा सुनावलं. ते हसून म्हणाले, मग तूच आण घरात.

मी आणलं. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती आणि माझ्या अंगात वारं संचारलं होतं. दर मंगळवारी दुपारी आमच्या ओट्यावर गल्लीतल्या बाया जमायच्या. मी त्यांना बाभळीच्या कोळशाचं मंजन शिकवलं, करंजाच्या तेलाचा साबण शिकवला, मोरीच्या पाण्यावर दोडक्याचा वेल चढवायला शिकवला. साबण पहिल्यांदा दगडासारखा झाला, सगळ्यांच्या हातांची सालं निघाली, तरी बाया यायच्या. मला शिकवण्याची खाजच होती म्हणा ना.

केरसुण्या विकणारी एक बाई वर्षातून दोनदा तोरणमाळकडून उतरायची. प्रकाशा गावाशी नावेतून तापी ओलांडायची आणि डोक्यावर भारा घेऊन दारोदार फिरायची. एकदा चैत्रात, आणि दुसरी खेप दिवाळीच्या तोंडावर. ती दुसरी खेप मोठी, कारण लक्ष्मीपूजनाला घरोघरी नवी केरसुणी लागायची, हळदकुंकू लावून पुजायला. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. घरची बोली डोंगरातली, आमच्याशी मात्र ती बाजारात शिकलेली अहिराणी बोलायची.

त्या चैत्रात ती पाणी प्यायला ओट्यावर टेकली, तेव्हा मी म्हटलं, मला शिकव. दुसरी कुणी असती तर तिने टाळलं असतं. ही इतकी हरखली की मलाच संकोच वाटला. या शहरात तिला आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं. धर्मशाळेच्या ओसरीवर मुक्काम ठेवून ती तीन दिवस आली. शिंदीचं पान किती वाळवायचं, खिळ्याने कसं चिरायचं, ओल्या पट्टीची शेवटची गाठ कशी मारायची म्हणजे ती वाळल्यावर आणखी आवळते, हे सगळं तिने माझे हात धरून शिकवलं. शिकवता शिकवता घरचंही सांगितलं. मुलीचं पहिलं मूल डोंगरातल्या थंडीने गेलं होतं. आता तिला पुन्हा दिवस गेले होते, बाळंतपण दिवाळीच्या आसपास येणार होतं. दिवाळीच्या खेपेला केरसुण्या विकून तिला बाळासाठी एक चांगली जाड घोंगडी घ्यायची होती.

मी तिला तिन्ही दिवस भाकरी आणि ठेचा वाढला आणि स्वतःवरच खूश झाले.

मग मी गल्लीला शिकवलं. नाल्याकाठी शिंदीची झाडं हवी तेवढी होती. नवरात्र येईपर्यंत घरटी एक केरसुणी झाली, शेजारच्या गल्लीतल्या बायाही शिकून गेल्या. यंदा आपल्या दारात विकतची केरसुणी येणार नाही, असं मी ओट्यावर उभी राहून जाहीर केलं. ती बाई कुणाच्याच मनात आली नाही. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात एकदा आली होती. तिला हे कळलं तर किती आनंद होईल, असं वाटलं होतं.

धनत्रयोदशीच्या सकाळी ती आली. भारा दर वर्षीपेक्षा मोठा होता. पहिल्या दारातूनच तिला ऐकू आलं, "आम्ही घरमाच बनाड्यात. मास्तरीणनी शिकाडं." दुसऱ्या दारात तेच, तिसऱ्यातही तेच. माझ्या ओट्याशी येऊन तिने भारा उतरवला. कोपऱ्यातली माझी केरसुणी उचलली, उलटीसुलटी करून पाहिली. ती मला शिव्या देईल म्हणून मी वाट पाहत होते.

"गाठ ढिली ऱ्हायनी, बाई. आशी वढ." एवढं बोलून तिने गाठ सोडली आणि पुन्हा बांधून दिली.

मी तो सगळा भारा घ्यायला हवा होता. पण समोरच्या ओट्यांवर बाया उभ्या होत्या आणि माझा शब्द माझ्या आड आला. मी पाणी दिलं, मुलीची चौकशी केली. आठ दिवसांपूर्वी नात झाली, ती म्हणाली. घोंगडीचा विषय तिने काढला नाही, मीही नाही. आमच्या ट्रंकेत एक जादा घोंगडी होती. ती मला आठवली तेव्हा बाई कोपऱ्यापलीकडे गेली होती. मी घोंगडी काखोटीला मारून बाजारापर्यंत धावले. ती सापडली नाही. तिच्या पोटावर पाय दिला होता, तो मी दिला होता, आणि त्यासाठी गल्लीने माझं कौतुक केलं होतं.

पुढची दोन वर्षं ती आलीच नाही. तिसऱ्या हिवाळ्यात वर्षाची मिरची घ्यायला मी गावाबाहेर गेले, जिथे माळावर लाल मिरची वाळत घालतात तिथे. देठ खुडणाऱ्या बायांच्या रांगेत ती बसली होती. तिनेच मला आधी ओळखलं. बोटं सुजून लाल झाली होती, डोळ्यांना धार लागली होती. डोंगर सोडून ती आता इथेच माळाच्या कडेला राहत होती. शेजारी तिची मुलगी देठ खुडत होती. तिच्याजवळ मूल नव्हतं. मी आजूबाजूला पाहिलं, दोन-तीन वर्षांची पोर कुठेच खेळत नव्हती.

आता सगळ्या बाया केरसुण्या घरीच करतात का, असं तिने विचारलं. मी हो म्हटलं. तिने मान हलवली, जरा सरकून गोणपाटावर माझ्यासाठी जागा केली आणि म्हणाली,

"तुले आखो काही शिकनं शे का, बाई?"

तो टोमणा नव्हता. मला आणखी काही शिकायचंय का, हे ती खरंच विचारत होती.