मजकूर वाचून समजावून सांगितला

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. तुम्हाला का सांगते आहे, तेही धड कळत नाही — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल.

मी कारंज्याजवळच्या एका गावाची पोलीस पाटील. गावात सगळे मला धीट समजतात. धीट! अजूनही दारात मोटारसायकल थांबली की मी आधी खिडकीच्या फटीतून कोण आहे ते बघते.

चार वर्षांपूर्वी गावातल्या एका चौदा वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला. करणारा गावातलाच, ट्रॅक्टर-थ्रेशरवाल्या घरचा थोरला. मुलीच्या आईनं, सुमनबाईनं, फिर्याद दिली. तिला ठाण्यात घेऊन मीच गेले होते — पण त्याचं आता काय? तो आत गेला. पोरगी पुन्हा शाळेत जायला लागली.

मग त्यानं जामिनासाठी अर्ज केला. मुलगी लहान असली की अशा केसमध्ये कोर्ट परस्पर जामीन देत नाही. फिर्यादीला नोटीस जाते — अमुक तारखेला या, तुमचं म्हणणं सांगा. सुमनबाईकडे सांगायला पुष्कळ होतं. त्याचे लोक तिच्या दारावरून चकरा मारत होते, केस मागे घे म्हणत होते. कोर्टानं हे ऐकलं असतं तर... काय झालं असतं, कोण जाणे. पण ऐकलं तरी असतं.

नोटीस ठाण्यातून माझ्याकडे आली. एक प्रत तिला द्यायची, दुसरीवर सही घेऊन परत पाठवायची. नेहमीचंच काम.

त्याच दुपारी त्याचा धाकटा भाऊ दारात मोटारसायकल लावून माझ्या ओसरीवर येऊन बसला. पाणी मागितलं, प्याला. वाकडं काहीच बोलला नाही. एवढंच म्हणाला, "ताई, तुमची पोरगी कारंज्याले कॉलेजात जाते नं? संध्याकाळची एसटी कितीले येते तिची?"

मी वेळ सांगितली. खरी वेळ. का सांगितली? तेवढं मात्र तोंडातून बरोबर बाहेर पडलं.

दुसऱ्या दिवशी सुमनबाई सोयाबीन सोंगत होती. मी शेताच्या धुऱ्यावरून हाक मारली. विळा ठेवून आली.

"कायचा कागद हाय, ताई?"

"काई नाई वं, केसचाच हाय. सही कर इथं."

कागद खराब होऊ नये म्हणून तिनं आधी पदराला हात पुसले. मग सही केली; तिला तेवढंच लिहिता येतं. सहीच्या वर छापलेलं होतं — मजकूर वाचून समजावून सांगितला. त्याखाली मी माझी सही केली. तिची प्रत तिला दिलीच नाही. घरी आणून पाण्याच्या चुलीत घातली.

तारखेला सरकारी वकिलांनी विरोध केला म्हणे. पण कोर्टासमोर काय होतं? नोटीस मिळाली, फिर्यादी आली नाही. जामीन मंजूर झाला. गावात पाय ठेवायचा नाही, अशी अट घातली होती. त्यानं ठेवलाही नाही — गरजच काय होती? तो सुटल्याचे फटाके पोरीनं दार लावून ऐकले. त्यानंतर ती शाळेत गेली नाही. साक्षीला उभी राहिली तेव्हा म्हणाली, मले काही आठवत नाही. खटल्यातूनही तो सुटला.

माझी मुलगी सुखरूप आहे. पुण्याला नोकरी करते. हे मी कारण म्हणून सांगत नाही. घडलं ते सांगते आहे.

सुमनबाई अजून माझ्याकडे येते. परवा आम्ही दोघी तूर निवडत बसलो होतो. मध्येच म्हणाली, "त्याले सोडताना कोर्टानं मले काहून नाई बलावलं, ताई? मी गेली असती. पायी गेली असती."

मी मान वर केली नाही. म्हटलं, "गरिबाले कोण विचारते वं."

तिला ते पटलं. जाताना माझ्या पुढ्यातली तूरही निवडून देऊन गेली.