टाचणीला सांगू नकोस

मोबाइलवरच्या त्या ग्रुपचं मला काही सांगू नका. तिथे सकाळी फुलं येतात, दुपारी विनोद येतात आणि संध्याकाळी कुणाच्या तरी नातवाचं कौतुक येतं. त्यातलं एकही मी वाचत नाही, आणि ज्या 'वाचलं हं' म्हणतात त्याही वाचत नाहीत. दहावी होऊन बेचाळीस वर्षं झाली, तरी आमच्या वर्गातल्या मुली एकमेकींना धरून आहेत त्या टाचणीमुळे. टाचणी आमच्याच वर्गातली, बायकांचे कपडे शिवते. शाळेत हे नाव पडलं ते ती काडीसारखी बारीक होती म्हणून, आणि बोलली की टोचायचं म्हणून. आता अंगानं भरली आहे. दुसरं कारण शाबूत आहे.

तिचं दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालची खोली. दोन मशीन, इस्त्रीचं टेबल, भिंतीवरच्या खुंट्यांना अर्धवट शिवलेले कपडे, आणि येणाऱ्यासाठी एकच स्टूल, त्याचा एक पाय आखूड. गेली तीस वर्षं दर गुरुवारी मी त्या स्टुलावर डुलत बसते. खाली पाचर लाव म्हटलं, तर म्हणते, मग तू उठणार कधी?

अठ्ठावीस मुलींपैकी एकोणीस जणी अजून तिच्याकडूनच शिवून घेतात. लांब गेलेल्या जणी पार्सलनं कापड पाठवतात आणि सोबत मापाला एक जुना ड्रेस. टाचणी तो ड्रेस उलटा करते, शिलाया चाचपते, काखेतला ताण बघते आणि मग फोन लावते. उजवा खांदा झिजलाय, एवढी जड पर्स कशाला वागवतेस? कंबर दीड इंच वाढली, झोप येत नाही म्हणून उठून खातेस ना? एकीच्या ड्रेसची पाठ दोनदा उसवून पुन्हा टाके घातलेली होती. हिनं विचारलं, कुणाला उचलतेस गं रोज? पलीकडून नुसतं रडू आलं. तिची आई वर्षभर अंथरुणाला खिळून होती आणि त्या बाईनं ते कुणालाच सांगितलं नव्हतं. पुढच्या रविवारी आम्ही चौघी तिच्या घरी हजर.

टाचणीची एक लांबट वही आहे. प्रत्येकीला एक पान. छाती, कंबर, उंची, बाही, गळा आणि तारीख. शाळेपासूनचे आकडे एकाखाली एक. कुणाची बाळंतपणं, कुणाचं ऑपरेशन, कुणाला जगणं नकोसं झालं ते साल, सगळं तिला त्यात दिसतं. आम्हाला आमची कंबर तेवढी दिसते आणि आम्ही घाईघाईनं पान उलटतो. शिवताना ती आत दोन बोटं माया सोडते, पुढेमागे उसवून कपडा वाढवता यावा म्हणून. लग्न तिनं केलं नाही. का, असं विचारलं की म्हणते, मापाचा मिळाला नाही. कित्येक वर्षं ती हेच सांगते आणि कित्येक वर्षं आम्ही हसतो.

आता माझंही सांगायला हवं, कारण पुढे जे झालं ते माझ्यामुळे झालं. शाळेत मला भोंगा म्हणायचे. माझ्या पोटात काही राहत नाही. पहिल्या तासाला मला कळलेलं मधल्या सुट्टीपर्यंत सगळ्या वर्गाला कळलेलं असायचं. मुद्दाम करत नाही हो मी. लोकांना शिंक येते तशी मला बातमी येते.

आणि तिसरी शिडी. नावाप्रमाणेच उंच. शेवटच्या बाकावर शिडी आणि टाचणी, त्यांच्या पुढच्या बाकावर मान मागे वळवून मी. नववीत शिडी इतकी झपाट्यानं वाढली की गणवेशाचा स्कर्ट गुडघ्यांच्या वर गेला आणि मोठ्या बाईंनी तिला वर्गाबाहेर उभं केलं. घरी नवा घ्यायची ऐपत नव्हती. टाचणीनं आईच्या मशीनवर स्वतःच्या जुन्या स्कर्टचा पट्टा काढून तिच्या स्कर्टला खालून जोडून दिला. शिलाई अशी वाकडीतिकडी की बघवत नव्हती, तरी शिडीनं तो स्कर्ट शाळा संपेपर्यंत मिरवला. टाचणीच्या धंद्याची सुरुवात ती, आणि वहीतलं पहिलं पान शिडीचं.

अकरा वर्षांपूर्वी शिडीच्या मुलीचं लग्न ठरलं. टाचणीनं सहा महिने आधीपासून नमुने काढून ठेवले. मुलीचं माप तिला तोंडपाठ होतं. पण मुलाकडच्यांनी कपडे मोठ्या दुकानातूनच हवेत असा हट्ट धरला आणि शिडीच्यानं नाही म्हणवलं नाही. ते एक वेळ खपलं असतं. पण तिनं टाचणीला सांगितलंच नाही, आज सांगू उद्या सांगू करत राहिली. लग्नाच्या दिवशी मुलगी समोर आली तेव्हा टाचणीनं ते दुकानातले कपडे पाहिले. जेवली, मुलीच्या गालावरून हात फिरवला, दुकानात आली आणि वहीतल्या पहिल्या पानावर कोरा कागद ठेवून चारी कोपऱ्यांना टाचण्या मारल्या. त्यानंतर शिडीनं दोनदा कापड पाठवलं. दोन्ही वेळा ते घडी न मोडता परत गेलं. मग तिनंही नाद सोडला. मी दोघींनाही चांगलं झापलं. साठीला आलात, मेलात तरी अक्कल येणार नाही, असं म्हणाले. दोघींचं उत्तर एकच, तिनं आधी बोलावं. बसनं चार स्टॉपचं अंतर, आणि अकरा वर्षं.

गेल्या वर्षी वर्गाच्या जेवणाला आम्ही सगळ्या जमलो. आमच्यातली एक बँकेत होती, तिच्या मुलाचा संसार मोडल्याचं मी वर्गातल्या दुसऱ्याच दोघींना सांगितलं होतं, त्या दोघींनी आणखी चौघींना. भर जेवणात ती उठून मला म्हणाली की तुझ्याजवळ बोलणं म्हणजे चौकात पाटी लावणं. सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी येऊन मात्र उशीत तोंड खुपसून रडले, या वयात. त्या दिवशी ठरवलं, यापुढे तोंडाला कुलूप.

आणि महिन्याभरात शिडीनं मला बोलावून घेतलं.

तिसऱ्या मजल्यावरची तिची खोली. पलंग दाराच्या समोर आणून ठेवलेला, उशाशी बिस्किटांच्या डब्यात औषधं. पोटात गाठ होती. डॉक्टरांनी उघडून पाहिलं आणि पुन्हा शिवून टाकलं, कारण काढण्यापलीकडे गेलं होतं. तीन महिने, फार तर चार. ती हे सगळं शांतपणे सांगत होती आणि मी तिच्या गाऊनकडे बघत होते. खांद्याची शिलाई दंडावर उतरली होती. टाचणीनं असा कपडा घालून तिला दाराबाहेर पाऊल टाकू दिलं नसतं.

निघताना तिनं माझा हात धरला.

"कुणाला सांगू नकोस हं," ती म्हणाली. "आणि टाचणीला तर मुळीच नको." आणि हसली.

मला काय वाटलं सांगू? अभिमान वाटला. मैत्रीण मरायला टेकली होती आणि मला अभिमान वाटत होता, की शेवटी का होईना, कुणीतरी मला भरवशाची समजलं. जिना उतरताना मी स्वतःला बजावलं, जीव गेला तरी बेहत्तर, हे ओठांबाहेर काढायचं नाही.

पुढचे गुरुवार कसे काढले ते माझं मला माहीत. स्टुलावर बसायचं आणि दात आवळून धरायचे. टाचणी म्हणायची, आज भोंग्याची वायर तुटली का? मी म्हणायचे, दाढ दुखतेय. एकदा तर चहा अर्धा टाकून उठून आले, कारण आणखी दोन घोट घेतले असते तर बोललेच असते. मधूनमधून शिडीकडे जायचे. ती दर वेळी माझ्या पाठीमागे दाराकडे बघायची आणि मग माझ्याकडे. मी तिच्या कानाशी वाकून सांगायचे, काळजी करू नकोस, कुणालाही कळू दिलेलं नाही. ती डोळे मिटून घ्यायची. मला वाटायचं, निर्धास्त झाली.

एका गुरुवारी टाचणी एक कॉलर उलटवत होती. मान वर न करता म्हणाली, "शिडी कशी आहे गं?"

अकरा वर्षांत पहिल्यांदा. माझ्या दातांपर्यंत आलं होतं सगळं.

"बरी आहे," मी म्हणाले.

टाचणीनं कॉलरचं टोक सुईनं बाहेर काढलं, अंगठ्यानं दाबलं. मग म्हणाली की एक कापड बाजूला काढून ठेवलंय, थंडी सरली की एकदा जाऊन यावं म्हणते. आणि मी काय म्हणावं? मी म्हणाले, जा की, घाई काय आहे.

थंडी सरायच्या आतच शिडी गेली.

टाचणीला फोन मीच केला. पलीकडे मशीन चालू होतं, ते थांबलं. कशानं गेली, तिनं विचारलं. मी सांगितलं. कधीपासून होतं, तिनं विचारलं. चार महिने, मी म्हणाले. तिनं फोन ठेवून दिला.

आम्ही पोचलो तेव्हा शिडीची मुलगी दारात उभी होती. लहानपणी ही पोर टाचणीच्या मशीनखाली चिंध्या गोळा करत खेळायची, मावशी मावशी करत तिच्या मागे असायची. तिनं टाचणीकडे पाहिलं आणि म्हणाली, "आता आलात?" टाचणी आत गेली, शिडीच्या अंगावरचा गाऊन खांद्यांवर नीट ओढून सारखा केला आणि तिच्या पायाशी जमिनीवर बसून राहिली. अर्ध्या तासानं उठली आणि जिना उतरून गेली.

मी पोरीला बाजूला घेतलं, स्वयंपाकघरात. असं बोलू नये गं, तिला किती लागलं असेल, असं काहीतरी म्हणाले. ती ओट्याला टेकून उभी होती, मागे नळ तसाच वाहत होता.

"मावशी, आईनं त्यांची किती वाट पाहिली," ती म्हणाली. "रोज विचारायची, दार वाजलं का. म्हणायची, भोंग्याला सांगितलंय, म्हणजे आठवड्यात येईलच ती. पलंगसुद्धा तिनं त्यासाठीच दारासमोर हलवून घेतला. एवढं कळूनही त्या आल्या नाहीत."

शाळेतही दोघींचं बिनसलं की शिडी हेच करायची. पुढे वाकून माझ्या कानात म्हणायची, तिला सांगू नकोस हं, पण मला फार वाईट वाटलंय. आणि मधल्या सुट्टीत दोघी एकाच डब्यातून खात बसलेल्या असायच्या. मला आपलं वाटायचं, मी चोरून फोडलं. ती माझ्या हातून निरोप पाठवत होती, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आता तर नाहीच नाही. सोळा आठवडे एक मरणारी बाई दाराकडे डोळे लावून पडली होती आणि मी तिच्या कानात सांगत होते, कुणालाही कळू दिलेलं नाही.

पोरीला मी तिथेच सांगून टाकलं. टाचणीला काही माहीत नव्हतं, मी सांगितलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, नळ बंद केला आणि बाहेर निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाचणीचं दुकान उघडायच्या आधीच जाऊन पायरीवर बसले. तिनं कुलूप काढलं, दिवा लावला. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्या पहिल्या दिवसापासून स्वयंपाकघरापर्यंत, एक शब्द गाळला नाही. ती ऐकत होती. हातात कुठल्याशा बाहीचा तुकडा होता, त्याचे सुटे धागे एकेक करून काढत होती.

"'टाचणीला नको' असं म्हणाली, तेव्हा हसली होती का?" तिनं विचारलं.

हो म्हणाले.

तिनं आणखी एक धागा ओढून काढला. मला वाटलं, आता बोलेल, चांगली फाडून खाईल. खाल्लं असतं तर बरं झालं असतं. मी त्यासाठीच गेले होते.

"मी विचारलं होतं तुला," ती म्हणाली. बस, एवढंच.

अजून मी दर गुरुवारी जाते. ती ये म्हणत नाही, येऊ नकोसही म्हणत नाही. माझे कपडे शिवते, चहा देते. मी आता सगळं सांगते, कुणाचे गुडघे, कुणाची साखर, कुणाच्या घरात काय पेटलंय, कुणाला चालेल न चालेल याची पर्वा करत नाही. ती हं हं करते. परवा बँकवालीला दवाखान्यात ठेवलं, छातीत दुखत होतं. कळल्याबरोबर धावत गेले आणि टाचणीला सांगितलं. तिनं मशीन थांबवलं, चष्मा वर केला, फोन उचलला आणि माझ्यासमोर बँकवालीच्या मुलाला लावून विचारलं, तुझी आई दवाखान्यात आहे हे खरं का?