पिकल्या केळ्यांच्या वासाचं विमान

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, सत्तरच्या दशकात भारतीय सेनेच्या एका विमानाने मला, म्हणजे निर्मळ गावच्या नायक पास्कलला, जाड ठरवून जमिनीवर ठेवलं. हसा. मीसुद्धा हा किस्सा बहुतेक वेळा इथपर्यंतच सांगतो.

पोस्टिंग डोंगरातल्या एअरस्ट्रिपवर, काम मेकॅनिकचं. विमान दोन माणसांचं. पंख डोक्यावर, म्हणजे खाली बघायला काही आड येत नाही. सांगाडा लोखंडी नळ्यांचा, त्यावर ताणलेलं कापड. कापडाला डोप नावाचं रोगण लावायचं. सुकलं की टिचकीला ढोलकीसारखं वाजायचं. आणि वास? थेट पिकलेल्या केळ्यांचा! हँगरमध्ये शिरलो की मी गावच्या आमच्या केळीच्या वाडीत.

शेपटीला धरून दोघे जण ते विमान कुठेही फिरवायचो. दुसरा लान्स नायक काशिनाथ, चांदीप गावचा, अंगाने काडी. दुरुस्त आम्ही करायचो, उडायचे साहेब. त्या मागच्या सीटसाठी दोघांचाही जीव टांगलेला.

मी सुट्टीवरून परतलो आणि पुढच्या स्ट्रिपवरचं विमान बंद पडलं. मेकॅनिक हवा होता. पाळी माझी. तिथली हवा विरळ, स्ट्रिप आखूड, म्हणून कॅप्टन साहेबांनी मला टूलबॉक्ससकट वजनकाट्यावर उभं केलं.

"पास्कल, छुट्टी गया था या शादी में?"

"सर, माँ ने बहुत खिलाया."

"तू नहीं. काशी, बैठ."

काशिनाथ टुणकन चढला. इंजिनाच्या आवाजावर ओरडला, "पास्कल, तुझ्या आईला थँक्यू सांग रे!"

नऊला टेक-ऑफ. साडेदहाला रेडिओवर पुढची स्ट्रिप विचारत होती.

"तुमचं विमान निघालं का? ओव्हर."

"केव्हाच निघालं. ओव्हर."

ढग खाली उतरले होते. दुसऱ्या दिवशी सर्च पार्टीला एका उतारावर वाकलेल्या नळ्या सापडल्या, झुडपांना अडकलेलं कापड सापडलं. साहेब आणि काशी, दोघेही गेले होते. अजूनही घरात केळ्यांचा घड पिकायला लागला की मी अंगणात जाऊन उभा राहतो.

पुढच्या सुट्टीत चांदीपला गेलो. काशीबद्दल चांगलं तेवढं बोलायचं, असं ठरवून. त्याच्या आईने जेवायला बसवलं. तिसरी भाकरी वाढायला आली तेव्हा मी ताटावर हात आडवा धरला, आणि तोंडून सगळंच बाहेर पडलं. सीट माझी होती, काकी. माझं वजन जास्त भरलं, म्हणून काशी गेला.

वाटलं, आता ताटावरून उठवेल. ती हातातल्या भाकरीकडे बघत राहिली आणि एकदम बोलून गेली,

"कधी ऐकलं नाय त्यानं! आन् मी मेली दर सुट्टीला त्याच्या मागं लागायचे, आनखी एक खा रे, आनखी एक!"