दिसलं, मॅडम

आमच्या शाळेत मायक्रोस्कोप एकच. तो माझ्या ताब्यात आला तेव्हा मला तो धड वापरताही येत नव्हता. शाळा सुटल्यावर दार लोटून एकटीच शिकत बसायचे. सुरुवातीला त्यात माझ्याच पापण्या दिसायच्या. मग हळूहळू जमलं. उचलताना एक हात मानेला, एक बुडाखाली. काचेला बोट लावायचं नाही. भिंग बदलताना खट् आवाज येईपर्यंत फिरवायचं. जुन्या साडीची खोळसुद्धा शिवली त्याला. घरच्या मिक्सरचे एवढे लाड मी कधी केले नाहीत.

या जपण्यापायीच मी नियम काढला: बघताना हात मागं. रांगेनं यायचं, वाकायचं, बघायचं, पुढं जायचं.

त्या दिवशी कांद्याचा पापुद्रा लावला होता. पाच-सहा जणांचं झाल्यावर वाटलं, पोरांना जरा मोठं दाखवावं, म्हणून घाईघाईनं भिंग बदललं. तेरहून येणारी धाराशिवची एसटी गाठायची होती, त्यामुळं रांग पुढं रेटणं चाललं होतं. "दिसलं, मॅडम." "दिसलं, मॅडम." कानाला फार बरं वाटत होतं.

मेंढरं राखणाऱ्या घरची एक मुलगी मात्र वाकली ती वाकूनच राहिली.

"मॅडम, मला न्हाय दिसलं. नुसतं काळंच हाय."

"नीट बघ. सगळ्यांना दिसतंय, तुलाच बरं दिसत नाही?"

मागची पोरं हसली. ती पुन्हा वाकली. पाठीमागं धरलेली बोटं तिनं एकमेकांत घट्ट अडकवली होती.

"दिसलं," ती म्हणाली.

"आता कसं दिसलं?" मी वर टोमणाही मारला.

आवरताना मी सहज नळीला डोळा लावला. आत मिट्ट काळोख. भिंग जागेवर बसलंच नव्हतं, मधेच राहिलं होतं. म्हणजे मी ते फिरवल्यापासून एकाही पोराला काही दिसलं नव्हतं. माझ्या धाकानं सगळी खोटं बोलली, आणि जी एकटी खरं बोलली तिलाही मी खोटं बोलायला लावलं. एसटीत खिडकीशी बसले, पण सगळ्या वाटेनं स्वतःचीच लाज वाटत राहिली. यंत्राला ओरखडा पडू दिला नाही म्हणून मी मिरवत होते.

दुसऱ्या दिवशी वर्गापुढं सांगून टाकलं की चूक माझी होती, ती खरं बोलत होती. भिंग, उजेड, सगळं पुन्हा पुन्हा तपासलं आणि तिला पहिली बोलावली.

"ये. आज फोकसचा स्क्रू तूच फिरव. हात लाव, काही होत नाही."

ती आली. हात मागंच होते.

"अगं, लाव की हात."

तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं, मग वाकायला लागली.

"दिसलं, मॅडम," ती म्हणाली. तिचा डोळा अजून नळीपर्यंत पोचलाही नव्हता.